ओढ्यात राडारोडा टाकतायत, सामान्य माणूस काय करू शकतो?

करता येतं, पण नुसतं ग्रुपवर फोटो टाकून काही होत नाही. आधी पूररेषा बघा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणारी नकाशावरची रेषा. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या पुराची, आणि निळ्याच्या आत पक्कं बांधकाम चालत नाही. नकाशा मिळत नसेल तर सरळ माहिती अधिकार टाका, 10 रुपये फी, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आमच्या मागच्या ओढ्यात रात्री डंपर यायचे, आम्ही चौघांनी पुलाचा तोच कठडा दिसेल असे रोज तारखेसकट फोटो काढले, महिन्याभरात पात्र निम्मं झालेलं उघड दिसत होतं, मग कुठे साहेब लोक बघायला आले (तेही पावसाच्या तोंडावर!).

सांडपाणी सोडत असतील तर प्रदूषण नियंत्रण मंडळ. 1974 च्या जल कायद्याच्या कलम 49 खाली 60 दिवसांची नोटीस देऊन साधा नागरिकसुद्धा कोर्टात जाऊ शकतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. हरित लवादाचं (पर्यावरणाच्या तंट्यांचं कोर्ट) खंडपीठ पुण्यातच आहे, फक्त तिथे साधारण 6 महिन्यांच्या आत जावं लागतं, म्हणून पहिल्या डंपरची तारीख लिहून ठेवा.