क्लबवर गोल्फ आणि मग जेवण: पहिल्यांदा जाताय?

या वेळी पत्रांमधे कंट्री क्लबवर पाहुणे म्हणून जाणाऱ्यांचे प्रश्न बरेच आलेत, म्हणून हा अख्खा कॉलम त्यांनाच देतेय.

प्रश्न: ताई, ऑफिसातल्या सिनिअर सरांनी रविवारी त्यांच्या क्लबवर 18 होल खेळायला आणि नंतर जेवायला बोलावलंय. मी आत्तापर्यंत फक्त ड्रायव्हिंग रेंजवर बॉल मारलेत, कोर्सवर पाय ठेवलेला नाही. हो म्हणून बसलो आणि आता झोप उडालीये. सगळ्यांसमोर खेळ फसला तर?

खेळ फसणारच आहे, ते आधी मनाने मान्य करून टाका म्हणजे निम्मं टेन्शन जाईल. रेंजवर सपाट मॅटवरून मारायचं असतं, कोर्सवर बॉल कधी उतारावर, कधी लांब गवतात, कधी झाडाच्या बुंध्याशी, त्यामुळे रेंजवरचा शॉट तिथे तसाच बसत नाही. हे सरांना तुमच्यापेक्षा जास्त माहितीये. तरी आज-उद्या त्यांना फोन करून स्पष्ट सांगा की सर, मी कोर्सवर पहिल्यांदाच येतोय. मग ते गर्दी नसलेली वेळ घेतील किंवा 9 होलवर (होल म्हणजे कोर्सचा एक टप्पा, ज्याच्या शेवटी बॉल भोकात घालायचा) थांबू म्हणतील.

तुमच्या स्कोअरने कुणी वैतागत नाही हो, लोक वैतागतात ते वेळेवरून. तुमच्या मागे चार जण, त्यांच्या मागे अजून चार, आणि एका ग्रुपने एक होल अडवून धरलं की मागची सगळी रांग रखडते. माझ्या पहिल्या राउंडला मी एका हरवलेल्या बॉलसाठी झुडपात शोधत राहिले, मला वाटलं दोन-तीन मिनिटं झाली असतील, वर पाहिलं तर मागचे चौघं हातात क्लब, म्हणजे बॉल मारायची काठी, धरून गप्प उभे, आणि मला खेळायला बोलावणारे मेंबर त्यांना हात करून पुढे जायला सांगत होते. त्या दिवशी कोणी मला एक शब्द बोललं नाही, पण तो हात अजून डोळ्यासमोर आहे. तर हे लक्षात ठेवा, बॉल शोधायला 3 मिनिटंच मिळतात. आधी 5 होती, 2019 च्या नियमांपासून 3 झाली. मारलेला बॉल सापडणार नाही अशी शंका आली तर तिथूनच आणखी एक बॉल मारून ठेवायचा, त्याला प्रोव्हिजनल म्हणतात, मारायच्या आधी तसं मोठ्याने सांगायचं, म्हणजे परत मागे चालत यायला नको.

तुमची पाळी आली की 40 सेकंदांत शॉट मारावा असं नियमांच्या पुस्तकातच सुचवलंय. कठीण नाहीये ते, फक्त दुसरे मारत असताना आपला क्लब ठरवून हातात तयार ठेवायचा. मैत्रीच्या राउंडमधे जो तयार असेल त्याने आधी मारलं तरी चालतं, त्याला रेडी गोल्फ म्हणतात, फक्त पुढे कोणी उभं नाही ना ते बघून. आणि एखाद्या होलवर आठ-नऊ शॉट होऊनही ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीचं बारीक कापलेलं गवत, लांबच असेल तर बॉल उचला, "मी इथे थांबतो" म्हणा आणि बाकीच्यांबरोबर चालायला लागा. बॉल उचलणाऱ्या नवख्याला परत बोलावतात, हे मी खूपदा बघितलंय.

बॉल कुणाच्या दिशेने चाललाय असं वाटलं तर क्षणाचाही विचार न करता जोरात "फोर!" ओरडायचं, लाजायचं नाही. कोणी मारत असेल तेव्हा त्याच्या मागे किंवा अगदी जवळ उभं राहायचं नाही, बोलायचं नाही, आणि फोन सायलेंटवर बॅगेत.

प्रश्न: मी गेले सहा महिने खेळतेय. परवा एका सिनिअर मेंबरने मला थांबवून सांगितलं की मी ग्रीनवरचा खड्डा चुकीचा बुजवतेय. मी तर खड्डे बुजवायच्या छोट्या फोर्कने माती वर उचलून सपाट करत होते, यात चूक काय?

चूक त्या "वर उचलून" मधेच आहे, आणि ही चूक इतकी कॉमन आहे की वर्षानुवर्ष खेळणारेही करतात. उंचावरून आलेला बॉल ग्रीनवर पडला की गवत दाबून छोटा खळगा होतो, त्याला पिच मार्क म्हणतात. खालून फोर्क घालून उचकटलं की वर दिसायला सपाट होतं पण मुळं तुटतात, आणि तिथे तपकिरी ठिपका राहतो जो भरायला कितीतरी दिवस लागतात. बरोबर पद्धत अशी: फोर्क खळग्याच्या कडेच्या बाहेर रोवायचा आणि कडेचं जिवंत गवत मधल्या भागाकडे ढकलायचं, मग थोडं फिरून दुसऱ्या बाजूने, तिसऱ्या बाजूने, असं चारी बाजूंनी. शेवटी पटरच्या, म्हणजे ग्रीनवर बॉल हलकेच ढकलायच्या (पट करायच्या) क्लबच्या, तळाने हलकेच थोपटायचं. झालं, अर्ध्या मिनिटाचं काम. आपला बुजवून झाला की शेजारचा एक दुसऱ्या कुणाचा राहिलेला असेल तर तोही बुजवा.

बंकरचंही, म्हणजे वाळूच्या खड्ड्याचंही, तसंच, कमी उंचीच्या बाजूने आत उतरायचं आणि बाहेर येताना पावलांचे ठसे रेकने पुसत यायचं. आणि ग्रीनवर दुसऱ्याचा बॉल आणि होल यांच्यामधल्या रेषेवर पाय देऊ नका, होलचं भोक फक्त सव्वाचार इंचाचं असतं, बुटाच्या एका ठशाने बॉल वळू शकतो.

प्रश्न: क्लबवर सगळे विचारतात "हँडिकॅप किती?" मला नाहीच, काय सांगू?

"अजून घेतला नाही" एवढंच सांगा, त्यात कमीपणा काही नाही. हँडिकॅप म्हणजे तुम्हाला मिळणारे जादा शॉट, जे मॅचमधे स्कोअरमधून वजा होतात; ती तुमची सरासरी असं बरेच जण समजतात, पण 2020 पासून जी वर्ल्ड हँडिकॅप सिस्टीम आलीये तिच्यात शेवटच्या 20 स्कोअरमधले सगळ्यात चांगले 8 धरतात. म्हणजे तो आकडा तुमचा चांगला दिवस कसा असतो ते सांगतो, त्यामुळे रोज तितकं खेळता आलं नाही म्हणून खट्टू व्हायचं कारण नाही. जास्तीत जास्त 54 असू शकतो, म्हणजे साधारण हिशेबाने प्रत्येक होलवर 3 शॉट जादा. सुरुवातीला एकूण 54 होलचे स्कोअर द्यावे लागतात, ते 9-9 होलच्या राउंडमधून जमवले तरी चालतात. ही सिस्टीम मला मनापासून आवडते कारण पंचवीस वर्षं खेळलेला माणूस आणि मागच्या वर्षी शिकलेली त्याची मुलगी एकाच मॅचमधे खरोखरची लढत देऊ शकतात.

प्रश्न: नवरा खेळतो, मी नाही. त्याच्या मित्राने दोघांनाही क्लबवर जेवायला बोलावलंय. कपडे, काटे-चमचे, बिल, सगळ्याचीच धास्ती आहे.

कपड्यांचा नियम क्लबागणिक बदलतो, म्हणून अंदाज बांधत बसण्यापेक्षा यजमानांनाच, म्हणजे बोलावणाऱ्या मित्रालाच, मेसेज करा, त्यात अजिबात वाईट दिसत नाही. ढोबळमानाने कॉलरचा शर्ट चालतो, जीन्स आणि बिनकॉलरचे टीशर्ट बऱ्याच ठिकाणी चालत नाहीत, आत शिरताना टोपी काढायची. खेळून येणाऱ्यांनी बुटाचं गवत-माती दाराबाहेरच्या ब्रशने झाडून, लॉकर रूममधे हातपाय धुवून, शक्यतो शर्ट बदलून टेबलावर यावं, हे तुमच्या ह्यांना सांगून ठेवा.

काट्या-चमच्यांचं सोपं आहे, बाहेरच्या जोडीपासून सुरू करायचं आणि प्रत्येक पदार्थागणिक आत यायचं. ब्रेडची छोटी प्लेट डावीकडची तुमची, ग्लास उजवीकडचा. नॅपकिन मांडीवर, मधे उठलात तर खुर्चीवर. संपलं की काटा-सुरी एकमेकांना चिकटून प्लेटमधे ठेवायची, वाढणाऱ्याला न विचारता कळतं. तरी काही अडलं तर यजमान काय करतात ते बघा.

बिलाचं मात्र नीट समजून घ्या. बऱ्याच क्लबांत पाहुण्याला पैसे देताच येत नाहीत, सगळं मेंबरच्या खात्यावर लिहिलं जातं आणि तो सही करतो. तिथे "नाही नाही, मी देतो" म्हणून ओढाताण केली तर यजमानालाच अवघडल्यासारखं होतं आणि वेटर बिचारा ताटकळतो. ऑर्डर देताना यजमानांचा अंदाज घ्या, सगळ्यात महागाच्या ओळीवर बोट नको. घरी गेल्यावर दुसऱ्या दिवशी आभाराचा फोन करा आणि नंतर कधीतरी त्यांना आपल्याकडे बोलवा. खेळायला गेलेल्याने कॅडीची (बॅग घेऊन सोबत चालणाऱ्या मदतनिसाची) टीप मी देतो असं म्हणायला हरकत नाही, पण आधी विचारून, कारण काही क्लबांत टीप चालत नाही.

प्रश्न: मी मेंबर आहे. मी आणलेला पाहुणा, माझा जुना मित्र, खराब शॉटचा राग कॅडीवर काढत होता आणि नंतर जेवताना वेटरवरही खेकसला. मी गप्प बसलो. काय करायला हवं होतं?

गप्प बसायला नको होतं. पाहुण्याच्या वागण्याची जबाबदारी क्लबात मेंबरवर असते, पण नियमाचं सोडा, तो कॅडी तुमच्याकडे बघत होता ना. पुढच्या टीवर, म्हणजे पुढच्या होलचा पहिला शॉट मारायच्या जागेवर, जाताना मित्राला बाजूला घेऊन हळूच "अरे, त्याच्याशी असं बोलू नकोस" एवढं म्हणायचं, चारचौघांत नाही. आणि झालं ते झालं, आता क्लबवर जाल तेव्हा त्या कॅडीला आणि त्या वेटरला स्वतः भेटून सॉरी म्हणा, मित्राच्या वतीने नाही, आपण बोललो नाही त्याबद्दल.

कॅडीला नुसता बॅग उचलणारा समजणाऱ्यांना मी नेहमी 1913 ची यूएस ओपन ही अमेरिकेतली मोठी गोल्फ स्पर्धा सांगते. अमेरिकेत ब्रुकलाइनला "द कंट्री क्लब" नावाचाच क्लब आहे, 1882 सालचा. समोरच्या रस्त्यावर राहणारा फ्रान्सिस विमेट तिथे लहानपणी कॅडी होता. वीस वर्षांचा असताना हौशी खेळाडू म्हणून तो त्याच कोर्सवर उतरला आणि हॅरी वार्डन, टेड रे या त्या काळच्या दिग्गज ब्रिटिश खेळाडूंना, बरोबरी झाल्यावर, 18 होलच्या प्लेऑफमधे त्याने हरवलं. त्याचा कॅडी होता एडी लाउरी, वय वर्षं दहा. प्लेऑफच्या आधी एका मोठ्या माणसाने ती बॅग मागितली होती, पण विमेटने एडीलाच ठेवलं. हे तुमच्या मित्राला सांगा, फोनवर नाही, समोर बसून.

प्रश्न: पट करताना झेंडा होलमधेच राहिला तर पेनल्टी लागते का?

आता नाही. 2019 पासून ग्रीनवरून पट करतानाही झेंडा आत ठेवता येतो. फक्त बाकीच्यांना काढून हवा असेल तर त्यांच्या पटआधी काढून द्या, आणि काढलेला झेंडा ग्रीनवर आपटू नका, अलगद बाजूला ठेवा.