विमानातला क्रू आपल्याकडच्या प्रवाशांशी तुटक का बोलतो? वाद पेटला तर ते नेमकं काय करतात?

वडील पहिल्यांदाच चिकलठाण्याहून विमानानं दिल्लीला निघालेत, स्वभाव तापट आहे, आणि कुणी तुसडं बोललं तर ते ऐकून घेणार नाहीत, अशी काळजी तुम्ही लिहिली आहे. म्हणून आधी तो तुटकपणा येतो कुठून, ते सांगतो.

नियमानं दर 50 आसनांमागं किमान एक क्रू लागतो. म्हणजे 180-186 आसनांच्या एअरबसमध्ये चौघं, आणि जवळच्या मार्गांवर उडणाऱ्या पंख्याच्या एटीआर 72 मध्ये दोघंच. दार बंद होऊन विमान धावपट्टीवर जाईपर्यंत त्यांना बॅगा वर बसवायच्या असतात, माणसं मोजायची असतात, आपत्कालीन दाराशी बसलेल्यांना ते दार कसं उघडायचं हे समजावायचं असतं, प्रत्येकाचा पट्टा बघायचा असतो. या घाईत तोंडातून 'सर, बॅग वर', 'सर, सीट सरळ' एवढंच निघतं. कारण न सांगता दिलेला हुकूम आपल्या माणसाला झोंबतो. माझ्या मते विमानातली बरीचशी भांडणं इथंच पेरली जातात.

ती कारणं वडिलांना घरीच सांगून ठेवा. अर्धी दारं बंद आहेत असं धरून सगळी माणसं 90 सेकंदांत बाहेर काढता येतात, हे दाखवल्याशिवाय मोठ्या प्रवासी विमानाला मंजुरीच मिळत नाही. पायाशी पडलेली पिशवी किंवा मागं कललेली खुर्ची म्हणजे त्या पळण्याच्या वाटेत आडवा दगड. खिडकीचा पडदा उघडा ठेवायला सांगतात तो बाहेर आग लागली तर दिसावी म्हणून. एवढं माहीत असलं की 'सीट सरळ' मध्ये अपमान वाटत नाही.

भांडण पेटायचं दुसरं ठिकाण म्हणजे जमिनीवर उभं विमान. मे महिन्यात बाहेर 42 अंश, आत गारवा बेताचा, आणि उड्डाणाला उशीर. एटीआरमध्ये तर जमिनीवर वीज-हवा पुरवणारं वेगळं छोटं इंजिनही नसतं. अशा वेळी 'बस, पाच मिनिटं' म्हणणारा क्रू आगीत तेल ओततो, कारण वेळ त्याच्या हातात नसते. जाणता क्रू म्हणतो, 'कॅप्टनना विचारून पंधरा मिनिटांनी परत येते', आणि सांगायला नवीन काही नसलं तरी खरंच परत येतो. लोक शांत होतात ते या परत येण्यानं.

आता माणूस तापलाच तर. शिकलेला क्रू डोक्यावर उभा राहून बोलत नाही. खुर्चीच्या दांड्याशी उकिडवा बसतो, म्हणजे डोळे प्रवाशाच्या डोळ्यांच्या खाली येतात. आवाज प्रवाशापेक्षा एक पट्टी खाली, हात मोकळे आणि दिसतील असे, स्पर्श नाही. यादीत बघून आडनावानं हाक मारतो. एक जण बोलतो, दुसरा दोन रांगा मागं उभा राहून नुसता बघतो. उकळता चहा त्या रांगेत जात नाही, ट्रॉली मागं घेतात. आणि शेजाऱ्याशी जुंपली असेल तर बहुधा शांत असलेल्यालाच दुसरी जागा देतात, कारण तापलेला माणूस उठवला की त्याला ती हार वाटते.

एक गोष्ट ते आवर्जून तपासतात: हा राग आहे की आजार? साखर उतरलेला मधुमेही घामाघूम होतो, अडखळत बोलतो, चिडतो, आणि थेट प्यायल्यासारखा दिसतो. आपल्याकडं पहाटेच्या विमानासाठी लोक रात्रीच गावाहून उपाशी निघतात, गोळी मात्र घेतलेली असते. तिथं आधी साखरेचं पाणी, मग बाकीचं.

नांदेडच्या यात्रेकरूंबद्दलही सांगायला हवं. हजूर साहिबला येणाऱ्या शीख प्रवाशाचं कृपाण बघून शेजारचा कधी घाबरतो. देशांतर्गत विमानात 6 इंचांपर्यंत पातं आणि एकूण 9 इंचांपर्यंत लांबी असलेलं कृपाण चालतं. क्रूनं हे त्या घाबरलेल्याला हळू आवाजात सांगायचं असतं, यात्रेकरूला सर्वांसमोर हटकायचं नसतं.

समजावून भागलं नाही तर तोंडी ताकीद, मग लेखी ताकीद, मग कॅप्टनला कळवणं. प्लास्टिकच्या पट्ट्यांनी हात बांधणं हा शेवटचा उपाय. तेव्हाही माणसाला पालथं दाबून ठेवायचं नाही, श्वास कोंडून जीव जाऊ शकतो. श्वासावर सतत लक्ष ठेवायचं. उतरल्यावर तो सुरक्षारक्षकांच्या आणि पोलिसांच्या ताब्यात जातो.

विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीए या सरकारी संस्थेच्या 2017 च्या नियमावलीत गैरवर्तनाच्या तीन पातळ्या आहेत. शिवीगाळ, धमकीचे हातवारे, नशेतला धिंगाणा याला 3 महिन्यांपर्यंत उड्डाणबंदी. धक्काबुक्की, लाथ किंवा लैंगिक छळ याला 6 महिन्यांपर्यंत. गळा दाबणं, यंत्रणेची मोडतोड, कॉकपिटमध्ये घुसायचा प्रयत्न याला किमान 2 वर्षं, वर मर्यादा नाही. निर्णय निवृत्त जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती 30 दिवसांत देते. त्यावर 60 दिवसांत अपील करता येतं.

क्रूच चुकला तर? तेही होतं, आणि वयस्कर माणसाला सगळ्यांसमोर झापणं मला अजिबात मान्य नाही. पण तिथं वाद वाढवू नका, हवेत कॅप्टनचा शब्द शेवटचा. छातीवरच्या बिल्ल्यावरचं नाव, उड्डाण क्रमांक, आसन क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा. आधी कंपनीकडं आणि तिथं दाद लागली नाही तर केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करा. वडिलांच्या खिशात हे लिहायला एक चिठ्ठी-पेन द्या, आणि गोळ्यांची पुडी व गूळ-शेंगदाणे वरच्या बॅगेत न ठेवता हाताशी असू द्या. पट्ट्याची खूण पेटलेली असताना ती बॅग काढायला ते उठले, तर पहिला खटका तिथंच उडेल.