लोकलमध्ये बेवारस बॅग दिसली की आपण घाबरतो, मग रूळ ओलांडताना का घाबरत नाही?

कारण मन धोका आकड्यांनी मोजत नाही. जो प्रसंग चटकन डोळ्यांपुढे येतो आणि जो आपल्या हातात नसतो, तोच त्याला मोठा वाटतो. पहिल्या सवयीवर ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये लिहिलं, दुसरीवर धोक्याच्या जाणिवेचा अभ्यास करणारे पॉल स्लोविक यांनी १९८७ मध्ये. ११ जुलै २००६ चे लोकलमधले सात स्फोट मुंबईकर विसरलेला नाही, फर्स्ट क्लासचे फाटलेले डबे अजून आठवतात. पण कोरोनाचा काळ सोडला, तर उपनगरी मार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं जीव गमावतात, म्हणजे दिवसाला निदान पाच-सहा. त्यातली सर्वांत जास्त रूळ ओलांडताना. त्याची बातमी आतल्या पानावर, चार ओळींची, तीही आली तर.

रॅककडे बोट दाखवून ‘ही बॅग कोणाची?’ म्हणत डबा डोक्यावर घेणारे काका स्टेशनवर उतरले की कानाला फोन लावून रुळांत उतरतात. जिना दहा पावलांवर असतो! त्यांना वाटतं, गाडी दिसली की थांबू. वेगातल्या लोकलला ब्रेक लावूनही थांबायला काहीशे मीटर लागतात, हे त्यांच्या हिशोबात नसतं.

मात्र बॅगेची भीती खुळचट नाही. स्फोटांचे बळी कमी असण्यात त्या सावधगिरीचाही वाटा असू शकतो, त्यामुळे नुसते आकडे शेजारी ठेवून तुलना पुरी होत नाही. बॅग दिसली तर रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनवर जरूर कळवा.