नेकारकाठी जाण्याआधी

टिळकवाडी, बेळगाव

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा तू पेढे घेऊन आलीस तेव्हा घरात माणसं होती, धड बोलणं झालं नाही. निघताना उंबऱ्याशी तू हळूच विचारलंस, "मॅडम, मला जमंल काय तिथं?" मी "जमंल की" म्हणाले आणि तू चप्पल घालून गेलीस. तेवढ्यानं तुझं समाधान झालं नसणार. माझंही झालं नाही, म्हणून हे लिहितेय.

तू जिथं शिकायला चाललीयस त्या जर्मनीतल्या ट्यूबिंगेनला, नेकार नदीच्या काठी, मीही २००३ च्या हिवाळी सेमिस्टरला गेले होते. तुझ्यासारखीच एम.एस्सी.च्या मधल्या वर्षात, वनस्पतिशास्त्रच. तू ज्या टेकडीवरच्या विभागात शिकणार आहेस, तिथलं बोटॅनिकल गार्डन मला अजून वाफा न् वाफा आठवतं. तेव्हा जे कुणी मला सांगितलं नव्हतं तेच आधी सांगते.

तुला भाषेची भीती वाटते, हे मला कळतं. पण तू जगतेस कशी ते बघ. सकाळी घरातून निघतेस मराठीत. बसमध्ये कंडक्टरला कन्नडमध्ये "ओंदु बेळगाव कोडी" म्हणतेस. कॉलेजात वर्ग इंग्रजीत, डबा खाताना मैत्रिणींशी तिन्हींची मिसळ. आणि वडिलांच्या शेताचा उतारा कन्नडमध्ये निघतो, तो घेऊन शेजारच्या काकांकडे जातेस आणि ते एकेक रकाना वाचून सांगतात. तूच मला म्हणाली होतीस, तो उतारा वाचून घेता घेताच अर्धी अक्षरं ओळखायला लागले म्हणून. पुण्या-मुंबईच्या हुशार मुलींना हे शिकायला वेगळे कष्ट पडतील. समोरचा कागद आपल्या भाषेत नाही, तरी काम आपलंच आहे आणि ते करून घ्यायचं आहे, ही सवय तुझ्या अंगात लहानपणापासून आहे.

जर्मनीत पहिल्या आठवड्यात हातात पडणारे कागद असेच असतील. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत गावाच्या कचेरीत पत्ता नोंदवावा लागतो. त्यासाठी घरमालकानं सही करून दिलेला दाखला लागतो, तो किल्ली घेतानाच मागून घे. ही नोंद राहिली की पुढची कामं अडतात. तेव्हा इथून निघण्याआधी जर्मनमध्ये एक वाक्य पाठ कर: हा कागद मला जरा समजावून सांगाल का? बाकीचं व्याकरण मागाहून येईल. तिथंही एक काका शोध.

मला माझे काका भेटले नाहीत, एक आजी भेटल्या. मी एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत राहायचे. ऑक्टोबरात एक दिवस दाराच्या मुठीला पुठ्ठ्याची पाटी टांगलेली दिसली. वर एकच लांबलचक शब्द. कुणी चुकून अडकवली असेल म्हणून मी ती काढून जिन्याच्या कठड्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशी परत मुठीला. पुन्हा काढली. शनिवारी सकाळी दार वाजलं. खालच्या मजल्यावरच्या आजी उभ्या होत्या, एका हातात बादली, दुसऱ्या हातात लांब दांड्याचा झाडू, काखेत ती पाटी. चेहरा कडक. पाटीवर बोट ठेवून त्या सावकाश म्हणाल्या, "केर-वोखे." वोखे म्हणजे आठवडा, एवढं मला क्लासमध्ये शिकवलं होतं. आणि केर! योगायोगच तो, पण त्या परक्या जिन्यात आपला शब्द कानावर पडला आणि मला एकदम सगळं उमगलं. या आठवड्याचा केर माझा होता. श्वाबेन प्रांतातली ही जुनी रीत आहे. घरातल्या बिऱ्हाडांनी पाळीपाळीनं जिना झाडायचा, पुसायचा, दारापुढचा रस्ता स्वच्छ ठेवायचा. पाटी ज्याच्या दारावर त्याची पाळी.

मी त्यांच्या हातातून झाडू घेतला. आजी गेल्या नाहीत. मी पायऱ्या पुसत होते आणि त्या कठड्याला धरून बघत होत्या. तिसऱ्या पायरीवर त्यांनी मला थांबवलं, वाकल्या, फडक्याचं टोक तर्जनीवर गुंडाळलं आणि पायरीच्या आतल्या कोपऱ्यात दाबून फिरवलं. काळी रेघ निघाली. शहापुरात आमच्या घरी माझी आई माग चालू व्हायच्या आधी अस्सं बोट घालून कोपरे काढायची. माझे डोळे भरून आले. आजींना वाटलं त्या रागावल्यामुळंच. त्यांनी मला आत नेलं, कॉफी दिली आणि "मेडले" म्हणाल्या. मेडले म्हणजे पोरी. पुस्तकात तो शब्द वेगळा होता. तिकडच्या बोलीत असाच म्हणतात.

त्यानंतर दर शनिवारी अर्धा तास मी त्यांच्याकडं बसायचे. मला जे काही जर्मन आलं ते त्या टेबलावर. त्यांचं बोलणं शुद्ध नव्हतं, त्या श्वेबिश बोलायच्या, "थोडंसं"ला "बिसले" म्हणायच्या. माझ्या वर्गातल्या उत्तरेकडच्या मुली त्यांच्या बोलीला हसायच्या. मला कधी हसू आलं नाही. पुण्याला शिबिराला गेले होते तेव्हा माझ्या "बसा की, खावा की"ला लोक कसे हसले होते ते मला आठवत होतं. म्हणून सांगते, तिथली बोली कानावर पडली तर कान बंद करू नकोस. प्रमाण भाषेत परीक्षा दे, पण आजींच्या बोलीत कॉफी पी.

आता तुझ्या विषयांचं. इथं मी ठेच खाल्लीय, नीट वाच. तिथं मी तीन विषय घेतले, तिन्ही पास झाले. परत आले तर माझ्या विद्यापीठानं त्यातला एक धरला नाही. इथल्या अभ्यासक्रमाशी मेळ बसत नाही म्हणाले. जाण्याआधी तोंडी "होऊन जाईल" असं ऐकलं होतं, लेखी काही नव्हतं. तो पेपर मला पुन्हा द्यावा लागला, आणि तोही पुढच्या सत्राच्या पेपरांच्या जोडीनं, कारण जर्मनीतलं हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबर ते मार्च असतं, तास फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात आणि तोवर इकडचं सत्र कधीच सुरू झालेलं असतं. तेव्हा निघण्याआधी तिथल्या प्रत्येक विषयाच्या अभ्यासक्रमाची प्रत काढ, त्याच्यापुढं इथला कुठला विषय धरणार ते लिहून घे आणि त्यावर विभागप्रमुखांची सही नि शिक्का घे. तिथं गेल्यावर वेळापत्रकात दोन तास एकमेकांवर येतात आणि विषय बदलावा लागतो, हे हटकून होतं. त्याच दिवशी इकडं ईमेल कर आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नकोस. मी या विभागात आहे तोवर माझ्या मागं लाग, मला राग येणार नाही.

एका सेमिस्टरला तिकडं तीस क्रेडिट धरतात. एक क्रेडिट म्हणजे पंचवीस ते तीस तासांचं काम, त्यात वर्गाबाहेरचं वाचनही आलं. तीसचा हट्ट धरू नकोस. इथं जेवढे मान्य होतील तेवढे विषय आणि सोबत जर्मनचा एक वर्ग, एवढं पुरे. परीक्षेसाठी वेगळी नोंदणी करावी लागते. वर्गात बसलो म्हणजे परीक्षेला बसलो असं नसतं, तारीख चुकली की संपलं. गुणांचं उलटं आहे, १.० सगळ्यात वरचा आणि ४.० ला पास. वेळापत्रकात दहा वाजले लिहून पुढं "त्से. टे." असलं तर तास सव्वादहाला सुरू होतो. "एस. टे." असलं तर दहाच्या ठोक्याला. तास संपला की मुलं टाळ्या न वाजवता बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक करतात. पहिल्यांदा मला वाटलं काहीतरी निषेध चाललाय.

सेमिनारमध्ये प्राध्यापक तुला विचारतील, तुला काय वाटतं? आपल्याकडं हा प्रश्न कुणी विचारत नाही, मीही तुम्हाला पुरेसा विचारला नाही याचं मला वाईट वाटतं. मी पहिले दोन महिने गप्प बसले. चुकीचं बोलण्यापेक्षा गप्प बरं असं वाटायचं. तिथं गप्प बसणाऱ्यानं वाचलेलं नाही असं धरतात. तू कणकुंबीच्या जंगलाजवळ वाढलीस, कारवीचा फुलोरा तू डोळ्यांनी पाहिलायस. त्या वर्गात तो पाहिलेला कदाचित दुसरा कुणी नसेल. तेवढं तरी सांग.

व्हिसा, विमा, पैसे यांवर फार लिहीत नाही, ते तू यादी करून उरकशील. फक्त बेंगळुरूची व्हिसाची तारीख मिळाली की राणी चन्नम्मा एक्सप्रेसचं तिकीट त्याच दिवशी काढ. विद्यार्थ्याला महिन्याला ९९२ युरोंची तजवीज दाखवावी लागते, २०२४ पासूनचा आकडा तो आहे. वडील त्यासाठी जमीन गहाण ठेवायचं बोलत असतील तर आधी मला येऊन भेटायला सांग. शिष्यवृत्तीचे अर्ज अजून शिल्लक आहेत.

पोचायचा दिवस मात्र नीट निवड. रविवारी तिथं दुकानं बंद असतात, आणि ३ ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी. शनिवारी रात्री पोचलीस तर सोमवारपर्यंत बॅगेत असेल ते खायचं. आणि बॅगेत काय असावं, हेही ऐक. आई कुंद्याचा डबा आणि घरचं तूप भरणार, मला माहीत आहे. युरोपात बाहेरून दुधाचे नि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, विमानतळावर काढून टाकतील आणि तुझा जीव तुटेल. कढीपत्त्याच्या ओल्या फांद्याही नकोत, ताज्या वनस्पतीला तपासणीचा दाखला लागतो. नारळ चालतो, तो त्या नियमातून वगळलाय. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, गोडा मसाला बिनधास्त ने. तांदूळ नेऊ नकोस, तिथं मिळतो. आपल्या बेळगाव बासमतीचा वास त्याला नसतो, ते सोसावं लागेल.

आणि अंधार. याबद्दल मला कुणी बोललं नव्हतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागं करतात, मग इकडच्यात नि तिकडच्यात साडेचार तासांचं अंतर पडतं. डिसेंबरात सकाळी आठनंतर उजाडतं आणि साडेचारला दिवेलागण. आपल्याकडं सगळ्यात लहान दिवसालाही अकरा तास ऊन असतं, आपल्या शरीराला ही सवयच नाही. नोव्हेंबरात मी खोलीतून निघेनाशी झाले. भूक नाही, झोप मात्र सारखी. आपल्यात काहीतरी कमी आहे असं वाटायला लागलं. आजींनीच मला दुपारी बाराला ओढून नेकारच्या काठावर चालायला नेलं, ऊन असो वा नसो. तू रोज दुपारी अर्धा तास बाहेर पड. महिनाभर मन उठलंच नाही तर विद्यापीठात समुपदेशक असतात, त्यांच्याकडं जा. त्यात कमीपणा नाही. आईला रोज फोन कर, पण तिला प्रत्येक रडू सांगू नकोस. ते मला सांग.

भारतीय मुलांचा एक गट तुला पहिल्याच दिवशी भेटेल, आधार देईल. त्यांच्या पंगतीला जा, दिवाळीला जा. फक्त आठवड्याचे सातही दिवस तिथं काढू नकोस.

एक गोष्ट शेवटी, कारण ती माझ्या फार जवळची आहे. तिथं तुला विचारतील, तू कुठली, तुझी भाषा कुठली. मराठी आणि कर्नाटक ही दोन उत्तरं त्यांना जुळणार नाहीत. सांग त्यांना, १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, १९७३ ला त्याचं नाव कर्नाटक झालं आणि आमची भाषा घरात होती तशी राहिली. आपली तक्रार खरी आहे, ती मी आजही सोडलेली नाही. आपल्या माणसाला त्याच्या शेताचा कागद त्याच्या भाषेत मिळावा असं मला मनापासून वाटतं. पण ट्यूबिंगेनमध्ये, तिथल्या ग्रंथालयात, मी एका बाईंकडून ऐकलं की फर्डिनांड किटेल त्याच गावात वारला, १९०३ साली. धारवाडचं किटेल कॉलेज ज्याच्या नावानं आहे तो. मिशनरी म्हणून आला, आणि कन्नड शिकत शिकत सत्तर हजारांच्या घरातल्या शब्दांचा कन्नड-इंग्रजी कोश करून बसला, १८९४ ला मंगळुरात छापला. एवढ्या लांबून आलेल्या माणसानं ज्या भाषेसाठी आयुष्याची एवढी वर्षं घातली, त्या भाषेत मी शेजारी जन्मून बाजारहाटापुरतंच बोलत होते. परतल्यावर पहिल्या उन्हाळ्यात मी कन्नड वाचायला बसले. मराठीवरचं प्रेम त्यानं तसूभरही कमी झालं नाही.

पुढच्या बुधवारी मेतकूट भाजणार आहे, गुरुवारी येऊन डबा घेऊन जा. येताना विषयांच्या याद्या आण, सहीसाठी आपण दोघी मिळूनच जाऊ. आणि तिथं पोचलीस की आधी आईला फोन कर. मला दोन ओळी लिहिल्यास तरी पुरे. दारावर पाटी लागली तर मात्र सविस्तर लिही.

तुझी,
मॅडम