सहावा येणाऱ्या मुलाला

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. "सर, सत्तेचाळिसावा आलो. क्रॉस कंट्री आता बास, यापुढे ट्रॅकवरच पळतो." संघाला पदक मिळाल्याचं तू अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंस. संघात तू सहावा होतास आणि सहाच जण मोजले गेले, हे तर लिहिलंच नाहीस. ते मला गुणपत्रक बघून कळलं. मातीच्या, चढउताराच्या वाटेने पळायची ही जी शर्यत तू पळलास, तिचा हिशेब तुला कुणी नीट सांगितलेला दिसत नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

मार्च १९४६. युरोपातलं युद्ध थांबून वर्षही झालं नव्हतं. स्कॉटलंडमधल्या एअर गावी आंतरराष्ट्रीय क्रॉस कंट्री अजिंक्यपद स्पर्धा पुन्हा भरली. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड, फ्रान्स, बेल्जियम असे मोजकेच देश. अंतर सुमारे नऊ मैल, म्हणजे साडेचौदा किलोमीटर, आणि पायाखाली गवत नि चिखल. फ्रान्सचा राफाएल प्युजाझों पहिला आला आणि पुढच्या वर्षी पॅरिसलाही तोच जिंकला. ही स्पर्धा बऱ्याचदा घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर व्हायची. १९०३ साली ती पहिल्यांदा झाली तीही हॅमिल्टनच्या अशाच मैदानावर.

आता हिशेब ऐक. प्रत्येक देशाचे नऊ जण पळायचे आणि त्यातले पहिले सहा मोजायचे. त्या सहांच्या क्रमांकांची बेरीज करायची. ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो संघ विजयी. वहीत मांडून बघ. एका संघाचे तिघे पहिले, दुसरे, तिसरे आले आणि उरलेले चाळिसावे, पन्नासावे, साठावे आले, तर बेरीज १५६. दुसऱ्या संघाचा एकही जण पहिल्या एकोणिसात नाही, पण सहाही जण विसाव्यापासून पंचविसाव्यापर्यंत ओळीने आले, तर बेरीज १३५. चषक दुसऱ्यांचा.

हे नुसतं कागदावरचं गणित समजू नकोस. १९५४ साली बर्मिंगहॅमला फ्रान्सचा आलँ मिमून पहिला आला आणि संघाचं विजेतेपद इंग्लंडने नेलं. १९६० साली हॅमिल्टनला मोरोक्कोचा राडी बेन अब्देसलाम पहिला आला. हाच राडी त्या वर्षी रोमच्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये अबेबे बिकिलाच्या मागे दुसरा आला, एवढा तो मोठा धावपटू. संघ मात्र पुन्हा इंग्लंडचाच जिंकला. चाळिसाव्या जागेवर धापा टाकत पळणाऱ्याने शेवटच्या शंभर पावलांत दोघांना मागे टाकलं, तर त्याच्या देशाची बेरीज दोनाने उतरते. पहिला येणाऱ्याला ही सोयच नाही, कारण त्याच्यापुढे गाठायला कुणी उरलेलंच नसतं. म्हणून सांगतो, त्या दिवशी संघाचं पदक तुझ्या पायांवर अवलंबून होतं.

मिमूनबद्दल मात्र थोडं थांबून लिहिणार आहे, कारण हा माणूस मला फार जवळचा वाटतो. जन्म अल्जीरियातला, फ्रेंच सैन्यात शिपाई. १९४४ साली इटलीत माँटे कॅसिनोच्या लढाईत त्याचा पाय जबर जखमी झाला; कापावा लागतो की काय अशी वेळ आली होती. त्याच पायाने पाच वर्षांनी, डब्लिनजवळच्या बाल्डोयलला तो या स्पर्धेत पहिला आला. मग १९५२, १९५४ आणि १९५६ ला पुन्हा. १९४८ आणि १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवर तो तीनदा दुसरा आला आणि तिन्ही वेळा पुढे चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेकच होता. १९५६ च्या डिसेंबरात मेलबर्नला मॅरेथॉनचं सुवर्ण मिळालं, तेव्हा तो अंतिम रेषेपाशी झाटोपेकची वाट बघत उभा राहिला. झाटोपेक सहावा आला आणि दोघांनी एकमेकांना मिठी मारली. हे लिहितानाही माझे डोळे भरून येतात.

ट्रॅक सोडू नकोस, पण क्रॉस कंट्रीही सोडू नकोस. आपल्या बीडच्या अविनाश साबळेची सुरुवात सैन्यातल्या क्रॉस कंट्रीनेच झाली. त्याच बर्मिंगहॅम शहरात २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य घेतलं, सुवर्णापासून अवघ्या पाच शतांश सेकंदांवर. प्युजाझोंही स्टीपलचेसचाच, १९४६ मध्ये तो युरोपचा विजेता होता. ओबडधोबड जमिनीवर तयार झालेले पाय अडथळ्यांना बिचकत नाहीत.

आता तुझ्या चुकांकडे येतो. तू दर किलोमीटरला घड्याळ बघत होतास. चिखलात, चढावर त्या आकड्याला काय अर्थ? जमीन दर वर्षी वेगळी, पाऊस वेगळा. म्हणून तर क्रॉस कंट्रीत वेळेच्या विक्रमांना ट्रॅकसारखी किंमत नसते. आकडा बघायचा नाही, पुढच्याची पाठ बघायची. दुसरी चूक, चढ संपला की तू सुस्कारा सोडतोस. सगळेच सोडतात. माथ्यावर पोचल्यावर आणखी वीस पावलं तोच जोर ठेव, तिथे दोघे-तिघे अलगद मागे पडतात. आणि सुरुवातीला वाट अरुंद व्हायच्या आधी पुढच्या घोळक्यात घुस. या वेळी तू सभ्यपणे बाजूला थांबलास आणि तिथेच किमान दहा जागा गेल्या.

रविवारी पहाटे साडेपाचला टेकडीच्या पायथ्याशी ये. पावसाने वाट निसरडी झाली असेल, तेव्हा लांब खिळ्यांचे स्पाईक आण आणि नाडीला दुहेरी गाठ मार. घड्याळ घरीच ठेव.

तुझा,
सर