मक्याच्या पिशव्यांवर ‘१००% निसर्गस्नेही’ छापलं तर चालेल का?

तुम्ही विचारलंय की मक्याच्या स्टार्चच्या पिशव्यांचा धंदा नवा आहे, त्यांवर ‘१००% निसर्गस्नेही’ छापावं का, आणि जोडीला झाडं लावली तर जबाबदारी पार पडेल का. मी इंदुरात सहा वर्षं ह्याच पिशव्या विकतोय. कृपा करून ते छापू नका.

मी छापलं होतं, ‘मातीत मिसळते’. रामबागेतल्या एका काकूंनी त्यावर विश्वास ठेवून पिशवी कुंडीतल्या खतात पुरली. आठ महिन्यांनी तीच पिशवी माती झटकून माझ्या काउंटरवर ठेवली. बोलल्या काहीच नाहीत. पुरवठादाराचा शब्द न तपासता मी छापला होता, त्याची लाज अजून वाटते.

मग मी माहिती काढत बसलो. ह्या पिशव्यांत निव्वळ मका नसतोच. लवचीकपणा यावा म्हणून बहुधा पीबॅट नावाचं पॉलिमर (एक कुजणारं प्लास्टिक) मिसळतात, आणि ते सहसा खनिज तेलापासून बनतं. उलट उसाच्या इथेनॉलपासूनचं पॉलिइथिलीन (नेहमीच्या पिशव्यांचं प्लास्टिक) वनस्पतीपासून आलेलं असूनही कुजत नाही. वस्तू कशापासून बनली आणि टाकल्यावर तिचं काय होतं, हे प्रश्न अगदी वेगळे आहेत. ‘बायो’ ह्या एका शब्दात दोन्ही कालवले जातात. कुजण्याचं प्रमाणपत्र आयएस १७०८८ ह्या भारतीय मानकावर मिळतं. त्यातली चाचणी सुमारे ५८ अंश सेल्सिअसच्या खतात होते आणि १८० दिवसांत ९०% जैविक विघटन व्हावं लागतं. काकूंच्या कुंडीत एवढी ऊब कुठून येणार?

इथे लोक म्हणतात, ओल्या कचऱ्याच्या गाडीत टाकली की झालं. पण इंदूरचा देवगुराडिया इथला कचरा प्रकल्प २०२२ साली रोज ५५० टन ओला कचरा घेण्याच्या क्षमतेने सुरू झाला असला तरी तिथे हवेशिवाय कुजवून गॅस काढतात. आपलं प्रमाणपत्र हवा खेळत्या खताचं. म्हणून तुमच्या शहरातला ओला कचरा नेमका कुठे जातो, ते आधी पाहून या.

कायद्याचं थोडक्यात: विक्रीआधी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. ऑक्टोबर २०२४ च्या ग्राहक संरक्षण मार्गदर्शक तत्त्वांनुसार ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’ असे मोघम शब्द पुराव्याशिवाय वापरता येत नाहीत.

झाडं जरूर लावा, पण पिशवीच्या हिशेबात धरू नका. नफ्यातले २% सामाजिक कामांवर खर्च करण्याचा नियम (सीएसआर) मोठ्या कंपन्यांना आहे, आणि तिथेही रोजच्या धंद्यातलं काम त्यात मोजत नाहीत.

आता मी छापतो: ‘घरच्या कुंडीत कुजत नाही. औद्योगिक खतप्रकल्पातच कुजते. पुन्हा वापरा.’ सुरुवातीला एक मोठा मिठाईवाला सोडून गेला. पण स्वतःचं खतयंत्र असलेली दोन मंगल कार्यालयं हा मजकूर वाचूनच आली. त्यांच्या यंत्रात आधी दहा पिशव्या घालून पाहिल्या, मगच माल दिला.

पुरवठादाराकडे प्रमाणपत्राची प्रत आणि पीबॅटचं प्रमाण लेखी मागा. टाळाटाळ झाली तर दुसरा बघा.