ट्रॅकर, बैठक की गृहभेट? बीट सांभाळताना आधी काय

पर्यवेक्षिका ताई, तुमच्या बीटात, म्हणजे देखरेखीखालच्या गटात, 25 अंगणवाड्या. वरून 'पोषण ट्रॅकर (अंगणवाडीच्या नोंदींचं अ‍ॅप) आजच शंभर टक्के करा', त्याच दिवशी पंचायत समितीत बैठक, आणि सॅम (तीव्र कुपोषित) मुलं वाढली की 'का वाढली?' म्हणून झापाझापी. सगळं एका दिवसात बसत नाही, बसवायला जाऊही नका.

आधी न थांबणारं काम वेगळं काढा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर 11.5 सेंमीच्या आत, दोन्ही पावलांना सूज, किंवा मूल खायलाच बघत नाही, यातलं एक जरी दिसलं तरी दौऱ्याचा क्रम मोडून त्याला त्याच दिवशी आरोग्य केंद्रात पाठवा. सूज असेल तर काटा फसवतो, वजन पाण्याचं असतं. बाकी नोंदी संध्याकाळी होतात.

बैठक आणि असं मूल एकाच वेळी आलं तर फोनवर वाद घालू नका. सीडीपीओ (बालविकास प्रकल्प अधिकारी) मॅडमना दोन ओळी टाका: 'अमुक अंगणवाडीत सॅम बालक पाठवायचे आहे. बैठकीला थांबल्यास भेट उद्या होईल. आधी काय, कळवावे.' उत्तर येवो न येवो, फिरती डायरीत वेळ लिहा. तोंडी आदेश नंतर कुणालाच आठवत नाहीत.

आकडा कमी दाखवायचा दबाव आला तर नोंद बदलायची नाही, मूल पुन्हा मोजायचं. बहुतेक घोळ उंचीत असतो. दोन वर्षांखालचं मूल झोपवून मोजायचं, वरचं उभं करून. दोन्हींत साधारण 0.7 सेंमीचा फरक पडतो. मोठ्याला झोपवलं तर उंची जास्त भरते, उंचीच्या मानाने वजन कमी वाटून मूल आहे त्याहून रोडावलेलं दिसतं आणि सॅममध्ये जातं. लहान्याला उभं केलं तर उलटं: खरं सॅम लपतं, आणि त्याबद्दल विचारायला कुणी येत नाही! फेरमोजणी सेविकेसमोर करा, टाच फळीला टेकलीय का बघा, जुना आणि नवा दोन्ही आकडे लिहा.

पंचवीसही ठिकाणी सारख्या भेटी कागदावरच शोभतात. सेविकेची जागा रिकामी असेल किंवा सॅम मूल असेल तिथे महिन्यात दोनदा जा. जिथे काम सुरळीत आहे तिथे एक धावती भेट पुरते. जाताना सीलबंद 5 किलो आट्याची पिशवी सोबत ठेवा आणि काट्यावर टाकून बघा. 200 ग्रॅमहून जास्त फरक दिसला तर त्या अंगणवाडीची या महिन्यातली सगळी वजनं परत घ्यावी लागतील.